दृष्टांत : स्वयंपाकघरातून स्वप्नात

आत्याचा फोन सकाळी सहाच्या आत आला, की एक तर नात्यातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर तिला दृष्टांत झालेला असतो. त्या दिवशी सुदैवानं दुसरं होतं.

"अगं, पहाटे देवी आली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणाली, माझी ओटी राहिलीय."

"आत्या, ओटी राहिल्याचं परवाच तर आपण बोलत होतो ना फोनवर?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "तुला नाही कळायचं ते. तुला थोडाच दृष्टांत झालाय!"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला दिवसभर टोचत राहिलं. कारण आदल्या रात्री मी चरकसंहिता उघडून बसले होते आणि नेमका तोच शब्द तिथे वेगळ्याच वेषात भेटला होता. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात एका वैद्यानं दुसऱ्या वैद्याशी चर्चा कशी करावी, कुणाशी वाद घालावा, कुणाच्या नादी लागू नये, याचा भलामोठा पाठ आहे. (वैद्यकीय परिषदांच्या दारात त्याच्या प्रती वाटायला हरकत नाही.) त्यात दृष्टांताची व्याख्या येते : "दृष्टान्तो नाम यत्र मूर्खविदुषां बुद्धिसाम्यम्". अडाण्याची आणि विद्वानाची बुद्धी ज्या ठिकाणी सारखी चालते, तो दृष्टांत. पाठोपाठ चार नमुने दिलेत. अग्नी उष्ण असतो, पाणी पातळ असतं, पृथ्वी स्थिर असते, सूर्य उजेड देतो.

म्हणजे मुळात दृष्टांत ही निदान दोघांनी पाहिलेली गोष्ट. त्याशिवाय तो दृष्टांतच नव्हे. आत्याचा दृष्टांत मात्र एकटीचा, आणि दुसऱ्या कुणी तो पाहिलेला नाही यातच त्याचं वजन. शब्द अक्षर न् अक्षर तोच, अर्थ मात्र पार उलट्या दिशेला तोंड करून उभा. मधल्या शतकांत या शब्दानं नीतिकथेचंही काम केलं, कवितेत अलंकार म्हणून मिरवलं, कीर्तनात टाळ्या घेतल्या. म्हटलं, जरा मागोवा घेऊ या.

शब्दाची फोड सोपी आहे : दृष्ट अधिक अंत. इथला 'अंत' मरणाचा नव्हे. शेवट, निश्चय, निर्णय या अर्थाचा. ज्याचा शेवट डोळ्यांना दिसलेला आहे, ज्याबद्दल आणखी खल करायची गरज उरलेली नाही, असं काहीतरी. याच साच्यातून 'सिद्धांत' निघाला, म्हणजे सिद्ध झालेला शेवट. 'वृत्तांत' आणि 'वेदांत' ही त्यांचीच भावंडं. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वादविद्येचे सोळा विषय मोजलेत, त्यांत पाचवा दृष्टांत आणि सहावा सिद्धांत. शेजारी शेजारी बसलेले हे दोघे भाऊ पुढे कुठे पोचले बघा. सिद्धांत गेला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, दृष्टांत गेला देवीच्या देवळात.

त्या सोळांच्या यादीत आपल्या ओळखीची आणखी मंडळी आहेत. 'वितंडा' तिथलीच, तिच्यापासून आपला वितंडवाद. 'छल' हाही तिथलाच, पण तिथे त्याचा अर्थ सासुरवास असा नव्हता. समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेऊन त्याला कोंडीत पकडणं म्हणजे छल. कुणी म्हणालं, याच्याकडे 'नव' कांबळं आहे. तर म्हणायचं, नऊ कुठली, एकच तर दिसतंय! मराठीत येईपर्यंत त्याचा 'छळ' झाला. अशा माणसाशी रोज वाद घालावा लागला, तर दोन्ही अर्थांत फारसं अंतर उरत नाही म्हणा.

न्यायसूत्रांतली दृष्टांताची व्याख्या चरकासारखीच आहे, फक्त जरा सभ्य. तिथे मूर्ख आणि विद्वान असे शब्द नाहीत. 'लौकिक' आणि 'परीक्षक' आहेत. चारचौघांसारखा माणूस, आणि पारखून घेणारा माणूस. या दोघांची बुद्धी ज्या बाबतीत सारखी, तो दृष्टांत. यातला 'परीक्षक' हा शब्द मला फार आवडतो. तो शहाणा असेलच असं नाही. तो फक्त तपासून घेतो.

आता हा दृष्टांत वापरायचा कसा? न्यायशास्त्रातलं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं अनुमान घेऊ. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतोय, हा हेतू. जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, 'यथा महानसम्', हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. यातला 'महानस' म्हणजे स्वयंपाकघर. इतक्या गंभीर शास्त्राचा सगळा डोलारा चुलीवर उभा आहे. ॲरिस्टॉटलच्या तर्कमांडणीत नियम आणि त्यात बसणारी वस्तू एवढ्यावर भागतं. 'सगळी माणसं मरतात, सॉक्रेटिस माणूस आहे' म्हटलं की पुरे. न्यायवाल्यांना तेवढ्यानं पटत नाही. ते म्हणतात, नियम सांगितलास, ठीक. पण आपण दोघांनी तो कुठे खरा होताना पाहिलाय, ते दाखव. मग हा म्हणतो, चल, आईच्या स्वयंपाकघरात. उलट बाजूनंही एक दाखवावं लागे : जिथे आग नाही तिथे धूर नाही, जसं तळ्यात.

माझ्या सात वर्षांच्या भाचीला मी मुद्दाम विचारलं, "धूर कुठे दिसतो गं?" चूल तिनं पाहिलेलीच नाही. घरात गॅस, वर चिमणी. ती म्हणाली, "बसच्या मागे." उत्तर न्यायाला धरूनच होतं, कारण इंजिनाच्या पोटात आग असतेच. पण महानस तिच्यासाठी दृष्टांत राहिलेला नाही, एवढं कळलं. दृष्टांत शिळे होतात.

नुसते शिळेच नाही, चुकतातही. चरकानं दिलेले चार नमुने पुन्हा वाचा. पृथ्वी स्थिर असते! अडाण्याचं आणि विद्वानाचं यावर एकमत होतं आणि दोघंही चुकत होते. ही चूक दुरुस्त कशी झाली, ते तर मोठं मजेशीर आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं, की नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. इथे त्यानं एक दृष्टांत खोडला तो दुसऱ्या दृष्टांतानंच. नावेत बसलेल्या माणसाचा अनुभव नावाड्यालाही होता आणि गणितज्ञालाही. नाव नसेल तर लोकल घ्या. शेजारची गाडी सुटते आणि वाटतं आपलीच सुटली; दादरला उभ्या असलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही. सगळ्यांना पटलेली गोष्ट खरीच असेल असं नाही, पण नवी गोष्ट पटवायची असेल तर सुरुवात मात्र सगळ्यांना पटलेल्या ठिकाणापासूनच करावी लागते. आर्यभटाला ते नेमकं ठाऊक होतं.

इथवर दृष्टांत म्हणजे नुसतं उदाहरण. चूल, तळं, नाव. त्यात पात्रं नाहीत, घटना नाही. त्याची गोष्ट कधी झाली याची तारीख सांगता येत नाही, कारण उदाहरणाला पाय फुटायला फार वेळ लागत नाही. 'स्वयंपाकघरासारखं' म्हणण्याऐवजी 'एक होती म्हातारी, ती चूल पेटवायला गेली' म्हटलं की झालीच गोष्ट. हत्ती आणि आंधळ्यांची कथा घ्या. पाली भाषेतल्या 'उदान' या बौद्ध ग्रंथात ती सविस्तर येते. श्रावस्तीचा राजा जन्मांध माणसं गोळा करतो आणि त्यांना हत्ती 'दाखवतो'. डोकं चाचपणारा म्हणतो, हत्ती घागरीसारखा. कान हाती लागलेला म्हणतो, सुपासारखा. दात धरणारा, खुंट्यासारखा. सोंड धरणारा, नांगराच्या दांडीसारखा. अंगाला हात लावणाऱ्याला कोठार वाटतं, पायाला लावणाऱ्याला खांब, पाठीवर हात फिरवणाऱ्याला उखळ, शेपटी धरणाऱ्याला मुसळ आणि शेपटीचा गोंडा हाती आलेल्याला केरसुणी. मग जुंपते मारामारी, आणि राजाची करमणूक होते.

ही यादी मी मुद्दाम पूर्ण दिली. घागर, सूप, खुंटा, कोठार, उखळ, मुसळ, केरसुणी. एखाद्या खेड्यातल्या जुन्या घराचं सामानच ते. पालीतला शब्दही 'सुप्प' आहे, आपल्या सुपापासून बोटभर अंतरावर. हत्ती हा राजाच्या दारचा प्राणी, सामान्य माणसानं क्वचित पाहिलेला. पण सूप कुणाला माहीत नाही? मुळात दृष्टांत उभा राहतो तो याच लौकिक सामानावर. जैन परंपरेनं हीच कथा अनेकांतवादासाठी वापरली : प्रत्येकाचं अंशतः बरोबर. बौद्ध ग्रंथात तिचा रोख भांडणाऱ्या पंथांवर आहे : एकालाही पुरतं कळलेलं नाही. हत्ती एकच, सुपं-केरसुण्या त्याच, तात्पर्य वेगवेगळं.

आणि तेराव्या शतकात हाच हत्ती मराठीत आला. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी बोलता बोलता सांगितलेल्या छोट्या छोट्या कथा केसोबासांनी एकत्र केल्या, तो 'दृष्टांतपाठ'. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि हत्तीचा त्यांतलाच एक. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक, आणि ते गोष्टींचं असावं याचं मला कौतुक वाटतं. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. तेव्हा चक्रधरांचे शिष्य आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, की असं करू नको, येणें माझिया म्हातारिया नागवतील. माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील. त्यांना काही कळायचं नाही. भाषेचं धोरण म्हणून हे वाक्य पुष्कळदा सांगितलं जातं. पण चरकाची व्याख्या डोक्यात ठेवून वाचलं तर ते तर्कशास्त्राचंही आहे. म्हातारीला कळला नाही, तर तो दृष्टांत कसला?

दृष्टांतपाठाची मांडणी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक ठिकाणी तीन तुकडे आहेत. आधी चक्रधरांचं एखादं सूत्र, दोन-चार शब्दांचं. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि मग 'दार्ष्टांतिक' : गोष्टीतलं काय म्हणजे सूत्रातलं काय, याची जुळवणी. हे दार्ष्टांतिक केसोबासांनी लिहिलं. आजच्या वाचकाला ते कंटाळवाणं वाटतं. गोष्ट कळली की हो, आता पुन्हा समजावून कशाला सांगताय? मलाही कॉलेजात असताना तसंच वाटायचं. नंतर एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि मत बदललं.

प्रयोग असा. एका रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही. किरणांनी ती जाळता येईल, पण तेवढे तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भागही जळेल. सौम्य सोडले तर गाठीला काहीच होणार नाही. काय करावं? जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर याचं हे कोडं. उत्तर सोपं आहे, पण सुचत नाही : सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे, असे की ते सगळे गाठीपाशी एकत्र येतील. (किरणोपचारात आज खरोखरच असं करतात.) १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोघांनी हे कोडं विद्यार्थ्यांना घातलं. नुसतं घातलं, तेव्हा सुमारे १० टक्क्यांना जमलं. मग काहींना आधी एक वेगळीच गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, वाटांवर सुरुंग पेरलेत, मोठं सैन्य एका वाटेनं गेलं तर उडेल. म्हणून तो छोट्या तुकड्या करून सगळ्या वाटांनी एकाच वेळी पाठवतो आणि सगळ्या किल्ल्यापाशी मिळतात. आता तर उत्तर ताटात वाढून ठेवलेलं होतं. तरीही आपण होऊन उत्तर काढणारे सुमारे ३० टक्केच निघाले. पण "मघाची गोष्ट उपयोगी पडेल हं" एवढं सांगितल्यावर हा आकडा सुमारे ७५ टक्क्यांवर गेला.

म्हणजे गोष्ट ऐकणं, ती कळणं आणि ती योग्य वेळी आठवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. किल्ल्याच्या गोष्टीत किल्ला, सेनापती, सुरुंग. कोड्यात डॉक्टर, गाठ, किरण. वरवर पाहता दोन्हींत काहीच सारखं नाही. सारखी आहे ती आतली बांधणी, आणि आपलं मन आठवण काढताना वरचा रंग आधी बघतं, बांधणी नंतर. डेड्री गेंटनर या संशोधिकेनं १९८३ मध्ये याचीच उपपत्ती मांडली : खरी तुलना वस्तूंची नसते, त्यांच्यातल्या नात्यांची असते. संस्कृत काव्यशास्त्रानं यासाठी 'बिंबप्रतिबिंबभाव' (वस्तू आणि तिचं आरशातलं रूप यांच्यासारखं नातं) असा शब्द योजला होता, आणि दृष्टांत अलंकाराची व्याख्या त्यावरच बेतली. शाळेत तो आपण तुकोबांच्या ओळीवरून पाठ केला. लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा. ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार. मुंगीत आणि माणसात कुठलं साम्य? नातं सारखं आहे, बस्स. आणि मग केसोबासांचं ते रटाळ दार्ष्टांतिक म्हणजे ७५ टक्के करणारी ती एक सूचना. न्यायशास्त्रातल्या चौथ्या पायरीचं, उपनयाचं कामही तेच होतं : 'हाही तसाच'. उदाहरण दिल्यावर पुन्हा डोंगराकडे बोट दाखवणं त्यांनी सोडलं नाही ते उगीच नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखीच अवघड. २०१४ मध्ये कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या नीतिकथा ऐकवल्या आणि नंतर ती खोटं बोलतात का ते तपासलं. 'लांडगा आला रे आला' ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. नाक वाढणाऱ्या पिनोकिओचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. ती बहुधा घडलेलीच नाही, ही त्यातली गंमत. फरक असा, की पहिल्या दोघांत खोट्याला शिक्षा आहे, तिसरीत खऱ्याला शाबासकी आहे. टोरांटोतल्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१७ साली, चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट सांगितली. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. दोन-तीन अभ्यासांवरून इसाप आणि पंचतंत्र गुंडाळून ठेवू नका. कोल्हा-करकोच्याची मजा वेगळीच आहे. पण बोध मुरवायचा असेल तर ऐकणाऱ्याच्या घरातली पात्रं घ्या, हा म्हातारियांचा नियम इथेही लागू पडतो.

'बोध' म्हटल्यावर एक आठवलं. हा शब्द 'बुध्' या धातूपासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ जागं होणं. बुद्ध म्हणजे जागा झालेला. तेव्हा बोधकथा म्हणजे जागं करणारी कथा, आणि आपण ती पिढ्यान् पिढ्या मुलांना झोपवण्यासाठी वापरतोय. 'गोष्ट' या शब्दाची कथा तर त्याहून खासी. गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा. तिथे लोक जमायचे म्हणून गोष्ठी म्हणजे बैठक. बैठकीत चालायच्या त्या गप्पा, आणि गप्पांत सांगितली जायची ती गोष्ट. ज्ञानेश्वरीत ती 'गोठी' आहे. गाई मात्र जिथल्या तिथे राहिल्या. त्यांच्या वाट्याला 'गोठा' आला. म्हणजे गोष्ट आणि गोठा ही सख्खी भावंडं. इंग्रजी 'फेबल' लॅटिनमधल्या बोलण्याच्या धातूवरून आला, आणि आपलं 'म्हणणं' संस्कृतातल्या 'भण्' वरून. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही एकाच आदिम मुळाकडे नेतात. त्या हिशोबानं 'फेबल' आणि 'म्हण' लांबच्या चुलत बहिणी. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इसाप मराठीत छापला गेला, तेव्हा त्या पुन्हा भेटल्या म्हणायच्या.

दृष्टांताचा खरा जोडीदार मात्र ग्रीकमध्ये आहे : 'पॅराबोले'. एक वस्तू दुसरीच्या शेजारी आणून ठेवणं, असा त्याचा अर्थ. येशूच्या कथांना 'पॅरेबल' म्हणतात ते यावरूनच. हाच शब्द अपोलोनियस या गणितज्ञानं शंकू कापल्यावर मिळणाऱ्या एका वक्राला दिला. तिथे शेजारी ठेवलेली दोन क्षेत्रफळं बरोबर जुळतात म्हणून तो पॅराबोला, आपल्या भूमितीच्या पुस्तकातला अन्वस्त. एक कमी पडलं तर इलिप्स, जास्त झालं तर हायपरबोला. डिश अँटेनाचा आकार आणि उधळ्या पुत्राची कथा एकाच नावाच्या, हे भूमितीच्या तासाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुढे लॅटिनमधून या 'पॅराबोला'चा अर्थ पातळ होत होत नुसता 'बोलणं' झाला. फ्रेंच 'पार्ले' त्याचंच, पार्लमेंटही त्याचीच. स्पॅनिश 'पालाब्रा' आणि पोर्तुगीज 'पालाव्रा' म्हणजे तर साधा 'शब्द'. बोधकथा झिजून झिजून एक शब्द उरला.

आपला दृष्टांत झिजला नाही, त्यानं कूस बदलली. हिंदीत दृष्टांत अजून उदाहरणच आहे. मराठीत मात्र 'मी एक दृष्टांत देतो' असं कीर्तनकार म्हणतो, आणि 'देवानं दृष्टांत दिला' असं आत्या म्हणते, क्रियापद एकच. देणारा तेवढा बदलला. माझा तर्क असा, की हा बदल देवळाच्या आवारातच झाला असणार. बुवा रोज तिथे उभे राहून दृष्टांत देतात, ऐकणारा गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो, आणि शब्दात 'दृष्ट' आहेच, दिसलेलं. महानुभावांच्या दृष्टीनं तर चक्रधर हेच परमेश्वर. त्यांच्याकडे 'देवानं दृष्टांत दिला' हे वाक्य आधीपासून अगदी शब्दशः खरं होतं. तुकोबांनी मात्र हा शब्द इथे वापरला नाही. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले त्याला ते सरळ स्वप्न म्हणतात, नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें. स्वप्नात जागं करणं! बोध शब्दाचा मूळ अर्थ इतका नेमका दुसऱ्या कुणी वापरलेला मला आठवत नाही.

अर्थ असा उलटणं भाषेला नवं नाही. पण बहुतेक शब्द सावकाश सरकतात, थोडे रुंदावतात, थोडे आक्रसतात. दृष्टांतानं साक्षीदारच बदलले. आधी लागत होते दोन, लौकिक आणि परीक्षक. आता एक पुरतो, आणि तोही झोपलेला. त्या सकाळी मला असं वाटलं, की परीक्षकाला खुर्चीवरून उठवून लावल्यावर शब्दाची अब्रूच गेली. आठवड्याभरानं शुक्रवारी आत्याबरोबर ओटी भरायला गेले, तेव्हा तेवढी खात्री राहिली नाही.

रांग मोठी होती. आमचा नंबर आल्यावर आत्यानं ताट पुढे केलं आणि गुरवाला म्हणाली, "पहाटे दृष्टांत झाला हो, म्हणून आले."

"हिरवं लुगडं?" नारळाची शेंडी सोलता सोलता त्यानं विचारलं.

"हिरवंच!"

पुढची बाई ओटी भरून वळली होती, ती थांबली. "मला पण हिरवंच दिसतं. दर वेळी."

"आमच्या सासूबाईंनाही," मागून कुणीतरी म्हणालं.

आत्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी पिशवीतून खण काढून तिच्या हातात दिला. आत समईच्या उजेडात देवीला नेसवलेलं लुगडं हिरवं होतं, आणि कुंकू कपाळभर.